कोल्हारला न पोचलेलं घड्याळ

मी आज जो काही आहे तो रंगनाथ नानांमुळे. हे वाक्य मी नोकरीच्या मुलाखतीत बोललो, माझ्या लग्नात माईकवर बोललो, नगरजवळच्या केडगावच्या घराच्या वास्तुशांतीला पाहुण्यांना गोळा करून बोललो. नानांसमोर मात्र एकदाही बोललो नाही. म्हणून या तीन दिवसांच्या प्रवासाची सुरुवात त्यांच्या नावाने करतो.

नाना माझे रक्ताचे कोणी नव्हेत. कोल्हारला एस.टी. स्टँडसमोर पत्र्याचं एक लहानसं दुकान होतं, तिथे ते घड्याळं दुरुस्त करत. माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातले. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे आणि प्रवरेच्या काठी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकायचे. मी चौथीत होतो. शाळा गावाकडे राहिली होती आणि मी दिवसभर नानांच्या काचेच्या पेटीला नाक लावून उभा असायचो. एकदा त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं, "आठाचा पाडा येतो का रं?" मी म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या कोपीवर आले आणि वडिलांना म्हणाले, "तुमी फड बदलत जा, पन पोराची शाळा बदलू नका. ह्याला माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

चौथीपासून दहावीपर्यंत मी नाना आणि त्यांच्या पत्नी माई यांच्या दोन खोल्यांत राहिलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की दुकानात बसायचो. पुढे नगरला पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंगची पदवी. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला. आता एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. घड्याळांचं वेड मात्र त्या पत्र्याच्या दुकानातलंच.

दुकानात भिंतीला एका रंगीत मासिकातून कापलेलं पान चिकटवलेलं होतं. त्यावर एक स्विस घड्याळ. साधं, पोलादी, काळ्या तबकडीचं. त्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. मी कॉलेजात असताना नाना त्या पानाकडे बघून म्हणाले होते, "माझ्याकडं आलेलं परतेक घड्याळ आजारी हुऊनच आलं, आंकुशा. निरोगी घड्याळ म्या कदी हातात धरलंच न्हाई." मी म्हणालो, "नाना, ते मी आणीन."

नोकरीत स्थिर झालो, कर्जाशिवाय असं घड्याळ घेता येईल अशी परिस्थिती आली, आणि मी मनाशी ठरवलं की आता कोल्हारला जायचं ते घड्याळ घेऊनच. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आमच्यात म्हणतात. मी त्या म्हणण्याची शपथ करून टाकली. सहा-आठ महिने लागतील असं वाटलं होतं. तीन वर्षं गेली. केडगावहून कोल्हार दोन तासांच्या आत. तीन वर्षं मी तिथे गेलो नाही. फोन करत होतो. प्रत्येक फोनवर नाना विचारायचे, "आलं का घड्याळ?" आणि मी म्हणायचो, "नाना, नंबर लागायचाय. घड्याळ आलं, की येतोच."

गुरुवार : पुणे

असली महागडी घड्याळं विकणाऱ्या दुकानात जाण्याची वेळ ज्यांच्यावर आली नाही, त्यांना आधी थोडं सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा काचेत, दिव्याखाली, भिंतीवरच्या कागदातलं तेच घड्याळ ठेवलेलं होतं. मी म्हणालो, "हे द्या."

"सर, हे फक्त प्रदर्शनासाठी आहे."

"मग विक्रीचं दाखवा."

"विक्रीचं येत नाही, सर."

"येत नाही, तर हे कसं आलं?"

"हे प्रदर्शनासाठी आलं."

आमच्या नगरच्या कापडबाजारात बाहुलीच्या अंगावरची साडी आवडली, तर दुकानदार बाहुलीची साडी सोडून बांधून देतो. इथे पैसे घेऊन उभा असलेला माणूस नको होता, 'ओळखीचा' माणूस हवा होता. यादीत नाव लिहिण्याआधी त्यांनी विचारलं की काय करता, कुठे राहता, याआधी कोणती घड्याळं घेतली, कोणासाठी घेताय. स्थळ बघायला गेल्यासारखंच. फरक एवढाच, की आपल्याकडे मुलीचे वडील निदान आठवड्याभरात होय-नाही कळवतात.

'ओळख वाढावी' म्हणून मी त्यांच्याकडून बायकोसाठी एक लहान घड्याळ घेतलं आणि हॉलसाठी भिंतीवरचं एक. रेखा म्हणाली, "मला मिक्सर हवा होता. तुम्ही त्या दुकानाशी सोयरीक जुळवायला निघालात, हुंडा मात्र माझ्या मनगटावर." ती ते घड्याळ फारसं घालत नाही. पीठ मळताना काढून ठेवावं लागतं म्हणते.

तर या मंगळवारी तिथल्या ओंकार नावाच्या सेल्समनचा फोन आला, "सर, अभिनंदन, तुमचा पीस आलाय." मी कारखान्याच्या जिन्यातच बसलो. लगेच नानांना फोन लावला. "नाना, शनिवारी घेऊन येतो." नानांनी आधी माईंना हाक मारून सांगितलं. मग म्हणाले, "ये. ये लवकर." मी तीन दिवसांची रजा टाकली.

गुरुवारी अकराला दुकानात पोचलो. कॉफी आली. मखमलीच्या तबकातून घड्याळ आलं. काचेवर, पट्ट्यावर, कडीवर पातळ निळसर प्लॅस्टिक चिकटवलेलं. तबकडी इतकी काळी, की त्यात वरच्या दिव्याचा ठिपका तळाशी गेल्यासारखा दिसत होता. मी हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून बघत बसलो. मी रोज मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस आहे, पण त्या कडेचं पॉलिश बघून मलाही वाटलं की हे मोजू नये, नुसतं बघावं.

ओंकारने चिमटा उचलला आणि प्लॅस्टिकचं टोक धरलं.

"थांबा, थांबा!" मी म्हणालो. "ते काढू नका."

"सर, काढावंच लागतं. पॉलिसी आहे."

"नाही, म्हणजे आमच्यात नवी वस्तू घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून उघडतात. मला हे असंच न्यायचंय."

आमच्याकडे खरंच तसं आहे. पहिली मोटारसायकल घेतली तेव्हा हँडलवरचा कागदसुद्धा मी नानांच्या हातून फाडून घेतला होता. चुलीवरचा कुकर, शिलाई मशीन, काहीही असो, आधी वडीलधाऱ्याचा हात, हळदकुंकू, मग वापर. त्यात मला काही चुकीचं सांगतोय असं वाटलंच नाही.

ओंकारने चिमटा खाली ठेवला आणि आतून मॅनेजरना बोलावलं. ते अगदी शांत, अदबीने बोलणारे गृहस्थ होते.

"कोणाच्या हातून उघडायचंय, सर?"

"आमचे नाना. कोल्हारला असतात."

"काय करतात ते?"

मी अभिमानाने सांगितलं, "घड्याळाच्याच धंद्यात आहेत. चाळीस वर्षं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना आदर वाटला.

"अच्छा. म्हणजे खोका, कार्ड, सगळं जसंच्या तसं त्यांच्याकडे जाणार?"

"हो, सगळं जसंच्या तसं. आणि वॉरंटी कार्डावर त्यांचं नाव घालता येईल का?"

एवढं बोलून मी स्वतःचा खड्डा पूर्ण खणला. घड्याळाच्या आतलं चाक न् चाक मला माहीत होतं, दुकानाच्या आतलं काहीही माहीत नव्हतं. नंतर कळलं, की ही घड्याळं दुर्मीळ असल्यामुळे काही लोक ती घेऊन न उघडताच आठवड्याभरात चढ्या भावाने विकतात. अशा माणसाची खूण म्हणजे तो प्लॅस्टिक काढू देत नाही, घड्याळ मनगटाला लावत नाही, आणि त्याच्या मागे कोणीतरी धंद्यातला असतो. मी तिन्ही खुणा एका बैठकीत दाखवल्या होत्या, चौथी कार्डावरच्या नावाची.

मॅनेजर तरीही चांगले वागले, हे लिहायला हवं. म्हणाले, "सर, आपण असं करू. प्लॅस्टिक आत्ता काढू, कार्डावर तुमचं नाव, आणि तुम्ही इथेच मनगटावर घालून बाहेर पडा. मग आम्हाला काही अडचण नाही."

त्या क्षणी 'बरं' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "नानांच्या आधी मी ते मनगटाला लावणार नाही."

"मग माफ करा, सर." तबक आत गेलं. कॉफी अर्धी राहिली होती, ती मी का कोण जाणे संपवली. फुकटची वस्तू टाकू नये, या सवयीने असेल.

लिफ्टपर्यंत ओंकार सोडायला आला. इकडेतिकडे बघून एकदम आपल्या बोलीवर आला, "भाऊ, मी श्रीगोंद्याचा. तुमी लबाड न्हाई, दिसतंय मला. पन काढू द्यायचं हुतं की प्लॅस्टिक! घरी जाऊन परत चिकटवलं असतं, काय कळणार हुतं म्हाताऱ्याला?"

हे मला सुचलंच नव्हतं. आणि सुचलं असतं तरी केलं नसतं, असं त्या दिवशी मला फार मोठेपणाने वाटलं.

शिरूरला गाडी थांबली तेव्हा मिसळ मागवली. रस्सा चांगला झणझणीत होता, पण मी पाव कुस्करत बसलो. शनिवारला मध्ये एकच दिवस उरला होता. सुप्याच्या पुढे आलो आणि कारखान्यातल्या ठुब्यांना फोन केला. ते एकदा म्हणाले होते, की त्यांच्या चुलत्यांकडे असलंच एक घड्याळ पडून आहे.

शुक्रवार : पारनेर

ठुब्यांचे चुलते भाऊसाहेब पारनेरच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर वस्ती करून राहतात. मोटारसायकलने निघालो. सुप्यापर्यंत कारखान्यांच्या भिंती आणि ट्रकांच्या रांगा, तिथून आत वळलं की माळ. या भागात सगळं पावसाच्या भरवशावर. ज्वारी गुडघ्याच्या थोडी वर येऊन थांबली होती, हरभरा घाट्यांवर होता, आणि बांधांवरच्या बाभळींना मेंढ्यांच्या उंचीपर्यंत एक पान शिल्लक नव्हतं. पारनेरात बाजाराचा दिवस होता. आमच्या पाथर्डीसारखाच बाजार, फक्त इथे भाव बोलताना आवाज कमी चढवतात. मेथीची जुडी हातात देऊन बाई म्हणाली, "घ्या, देवाघरी जायचं न्हाई पैसं घिऊन." मला घड्याळाच्या दुकानातली सगळी अदब आठवली आणि मी ती जुडी घेतली.

भाऊसाहेबांनी आधी जेवायला बसवलं. मासवडी केली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाव ऐकून दचकू नये. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून तिची गुंडाळी करतात, वड्या पाडतात, आणि बरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा. माईंच्या हातची मी पुष्कळ खाल्ली होती. इथे रस्सा अधिक तिखट होता.

जेवण झाल्यावर भाऊसाहेबांच्या पत्नी, काकू, आतल्या कपाटाकडे गेल्या. कपाटात एका कप्प्यात साड्या, दुसऱ्यात टोप्या आणि टॉवेलांची थप्पी. आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही हे कपाट सांगायला नको. लग्नात आहेर म्हणून आलेली टोपी आपण उघडत नाही. ती पुढच्या लग्नात आहेर म्हणून जाते. काही टॉवेलांनी पाच-पाच तालुके पाहिलेले असतात. त्या टॉवेलांच्या थप्पीखालून काकूंनी खोका काढला. तेच घड्याळ. तेच निळसर प्लॅस्टिक.

"पोराच्या सासऱ्यांनी दिलं," भाऊसाहेब म्हणाले. "पुन्याची मान्सं. आता म्या शेतात घालू का बैठकीला? भाचीचं लगीन हाय वैशाखात, तवा जावयाला द्यायचं."

मी सगळी हकीकत सांगितली. नानांची, तीन वर्षांची, कालची. विकत मागितलं.

भाऊसाहेबांनी खोका माझ्या हातातून सावकाश परत घेतला. "पाव्हनं, तुमी शिकल्याली मान्सं. आहेर इकत्यात व्हय कुटं? आहेर आहेरातच जातो."

"जास्त देतो, भाऊसाहेब."

"म्हंजी मंग आहेराचं दुकान टाकल्यागत हुईल."

खोका बंद होण्याआधी काकूंनी आत डोकावून विचारलं, "ह्ये बंद का हाय वो? सेल संपला का?"

मी सांगितलं, की याला सेल नसतो. माणसाच्या हालचालीवर ते चालतं, नुसतं पडून राहिलं तर थांबतं.

"म्हंजी बसवून ठिवलं की झोपतंय?" काकू नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "मंग आमच्या ह्यांचंच हाय की."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. हसता हसताच त्यांना काही सुचलं आणि त्यांनी खोका पुन्हा माझ्यापुढे ठेवला. "असं करा, दोन दिस घिऊन जा. दाखवा म्हाताऱ्याला, सोमवारी आनून द्या. पन उघडायचं न्हाई हां. जावयाला बंद खोकाच ग्येला पायजे."

खरं सांगतो, मी खोक्यावर हात ठेवला होता. शनिवारी सकाळी कोल्हारला उतरायचं, नानांच्या हातात द्यायचं. पण नाना ते उघडणार, आणि मला त्यांचा हात धरून 'उघडू नका' म्हणावं लागणार. का, असं विचारलं की खोटं बोलावं लागणार. मी म्हणालो, "नको, भाऊसाहेब. त्यांना नुसतं दाखवायला नको, उघडायला द्यायचंय."

भाऊसाहेबांनी खोका काकूंकडे परत दिला. "लई सरळ मानूस हायेस गड्या," ते म्हणाले. "सरळ ऊस आधी तुटतो."

मोटारसायकल चालू करताना काकूंनी मासवडीचा डबा हातात दिला. परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा शंका आली, की मी हे सगळं नानांसाठी करतोय की माझ्या मनातल्या एका चित्रासाठी. पण ती शंका मी केडगावपर्यंत टिकू दिली नाही.

शनिवार : कोल्हार

एस.टी.ने गेलो. विळद घाट उतरला की मुलूख बदलतो. राहुरीपासून दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, भरून इतक्या वर गेलेल्या, की मागची एस.टी. हॉर्न वाजवून थकते. एका ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर एक बाई पाठ टेकून झोपली होती. आई अशीच झोपायची. प्रवरेचा पूल आला तसा मी पिशवी मांडीवर घेतली. तीत काही नव्हतं. तरी मी ती सवयीने छातीशी धरली.

आधी दुकानाकडे गेलो. पत्र्याला कुलूप होतं, आणि त्यावर मोबाईल रिचार्जच्या तीन जाहिराती एकावर एक चिकटवलेल्या होत्या. शेजारच्या सलूनवाल्याने ओळखलं. "घरी गेल्तास का? दोन वर्सं झाली नानांनी बंद करून. तुला ठाव न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं.

घराच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. तीनचार म्हातारी माणसं बसली होती. स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर होते, नानांचे दोन शेजारी होते. मध्ये पाट मांडला होता, भोवती रांगोळी, वर हळदकुंकवाची वाटी आणि नारळ. नाना धुतलेलं धोतर आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून पाटाशेजारी बसले होते. मला बघून उठले. उठताना त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरला होता. तो थरथरत होता. आधी वाटलं, आनंदाने. मग ते बसले तरी तो थांबेना. चमचा, चावी, काहीही धरता येईल असा तो हात राहिला नव्हता. ज्या हाताने केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरलेली मी हजारदा पाहिली होती, तो हात सदऱ्याचं बटण चाचपत होता.

"आलं का?" कंट्रोलर म्हणाले. "आमी सकाळपास्न बसलोय. नानांनी सांगितलं, आमचं पोरगं निरोगी घड्याळ आनतंय."

मी पुण्यात तबक नाकारलं होतं, पारनेरात खोका नाकारला होता. दोन्ही ठिकाणी खोटं बोलायला नको म्हणून. आणि इथे, ज्या एका माणसाशी खरं बोलायला हवं होतं त्याच्यासमोर, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "नाना, ऐनवेळी पुढे गेलं. नंबर अजून लागायचाय."

मग नानाच हसले. "आसल्या घड्याळाला टाइम लागतोच. घाईत मिळालं तर ते कसलं घड्याळ! लागंल नंबर. नारळ फोडा, आज आंकुशाच आलाय." नारळ फुटला, खोबरं वाटलं, माणसं एकेक करून उठली. जाताना कंट्रोलरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती हळू होती.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "हात कधीपासून, नाना?"

"झाली दोन-अडीच वर्सं. डागदर म्हनतो, वयाचं हाय."

"मला सांगितलं नाहीत."

"फोनवर काय सांगायचं?"

"मग घड्याळ आणलं असतं तर उघडलं कसं असतं?"

"उघडायचं कुटं हुतं रं मला?" नाना म्हणाले. "नुसतं कानाला लावायचं हुतं. आजारी घड्याळांचा आवाज उभा जलम ऐकला. येकदा चांगलं ऐकलं असतं. वरनं प्लॅस्टिक असंना का."

भाऊसाहेबांचा खोका हलवला असता तरी आतलं घड्याळ चालू झालं असतं. प्लॅस्टिकसकट ऐकू आलं असतं.

माई आतून ताट वाढायला आल्या होत्या. पुरण शिजवलं होतं, त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घड्याळाचं काय घिऊन बसलाय दोघं! आरं, हे दर फोनला 'घड्याळ आलं का' इचारायचे, ते घड्याळाचं न्हाई. तू म्हनला हुतास की घड्याळ आलं की येईन, म्हनून. मला इचारायचे, कवा यील गं पोरगा. मी म्हनायचे, मला काय म्हाईत, घड्याळाला इचारा."

"गप गं," नाना म्हणाले.

मला तिथे बसवेना. मी म्हणालो, संध्याकाळी कारखान्यात हजर व्हायचंय. खरं तर सोमवारपर्यंत हजर व्हायचं नव्हतं. ताट वाढलेलं होतं. माईंनी पुरणपोळीवर दुसरं ताट उपडं घातलं. नाना स्टँडपर्यंत सोडायला निघाले होते, मी नको म्हणालो. आमच्याकडे वाढलेल्या ताटावरून उठून जाणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. तरी मी ते केलं.

एस.टी.त खिडकीशी बसलो. तीन वर्षं मी एका यादीत नंबर लागायची वाट बघत होतो, आणि दोन तासांवर एक माणूस माझी वाट बघत होता. त्यांच्या हाताला पहिला कंप आला तेव्हा मी कुठे होतो, याचा हिशोब लावून पाहिला. मी पुण्याला, भिंतीवरचं घड्याळ घ्यायला गेलो होतो.

रविवारी दिवसभर घरात बसून होतो. रेखाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "फोन करू नका. फोनवर तुम्ही परत नंबर लागायचाय म्हणाल." म्हणून सोमवारी पत्र टाकलं. ते इथे जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप नानांस,

अंकुशचा शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी ओट्यावर मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. घड्याळ पुढे गेलेलं नाही. गुरुवारी पुण्यात ते माझ्यासमोर आलं होतं. त्यांनी घातलेली अट मी मानली नाही, कारण मला ते बंदच तुमच्या हातात द्यायचं होतं. शुक्रवारी पारनेरला एक भला माणूस तेच घड्याळ दोन दिवस न्यायला देत होता, तेही मी घेतलं नाही. दोन्ही वेळा मला वाटलं, मी तुमचा मान राखतोय. तुम्हाला काय हवं ते मी विचारलंच नाही. विचारायला यावं लागलं असतं, आणि मी येत नव्हतो.

दुकान बंद झालं हे मला शेजारच्या सलूनवाल्याकडून कळलं, आणि तुमच्या हाताचं तर ओट्यावर आल्यावर. हे मी विसरू शकत नाही, आणि तुम्हीही विसरू नका.

दुकानाला आज कळवलं, की यादीतून माझं नाव काढा. त्यांनी विचारलं, का? मी म्हणालो, गरज संपली. हे काही पूर्ण खरं नाही. ते घड्याळ मला अजून हवं आहे, आणि तुम्हाला ते ऐकवता आलं नाही याचं वाईट वाटतं ते वाटतंच. पण आता ते आलं काय नि न आलं काय, त्यावर माझं येणं ठरणार नाही.

मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. लिहून सांगतो, कारण समोर बोलता येईल की नाही, माहीत नाही.

कंट्रोलरकाकांना आणि शेजाऱ्यांना खरं काय ते तुम्ही सांगा, किंवा मी आल्यावर सांगेन. तुम्हाला योग्य वाटेल तसं. हाताचं मात्र नगरला चांगल्या डॉक्टरांना दाखवू. नाही म्हणू नका.

येत्या रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने येतो. रेखाही माझ्याबरोबर येईल. काही आणत नाही. माईंना सांगा, पुरण नको, साधी भाकरी चालेल, पण मला ताटावर बसवल्याशिवाय सोडू नका.

तुमचा,
अंकुश